टक्का कशाचा?

माझं खरं वजन मला कळलं ते सुताच्या गोदामात. माझे मिस्टर इचलकरंजीत एका सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ द्यायच्या कारखान्यात, सुपरवायझर आहेत. एका रविवारी आम्हाला बाहेरगावी जायचं होतं, म्हणून पाळी सुटायच्या वेळी मी त्यांना घ्यायला गेले. गोण्या तोलायचा मोठा काटा दाराजवळ रिकामा होता. घरातल्या काट्यावर मी तीन वर्षं पाय ठेवला नव्हता. मेडिकलच्या दुकानातल्या काट्यावर मागं उभी असलेली माणसं आकडा वाचतात, म्हणून तिकडंही जात नव्हते. इथं कुणी नव्हतं. मी चपला काढून वर चढले. तांबडे आकडे जरा थरथरले आणि ११८ वर थांबले.

मिस्टर तेवढ्यात आतून आले. त्यांनी आकडा पाहिला. काही बोलले नाहीत. हात धरून मला खाली उतरवलं, खाली वाकून माझ्या चपला माझ्या पायाशी सरकवल्या. वीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्या चपलांना हात लावल्याचं मला आठवत नाही. त्या रात्री झोपताना ते म्हणाले, "अगं, ते पोटाचं ऑपरेशन असतं ना, त्याची चौकशी करूया का?"

मी तेव्हा ४२ वर्षांची होते. मधुमेहाला सात वर्षं झाली होती. रात्री झोपेत श्वास अडकायचा, दचकून जाग यायची. मी ज्या पतसंस्थेत कर्जविभाग सांभाळते, तिथला जिना एकवीस पायऱ्यांचा आहे आणि तो मी दोनदा थांबून चढायचे. त्याआधी उपाय कमी केले नव्हते. भात सोडला, भाकरी सोडली, रात्रीचं जेवण सोडलं, सकाळी कोमट पाणी आणि लिंबू झालं, पावडरींचे डबे झाले. दर वेळी आठ-दहा किलो उतरायचं आणि वर्षाच्या आत व्याजासकट परत यायचं.

आज ऑपरेशनला चार वर्षं झाली. ओळखीतून ओळखीतून बायका मला फोन करतात. सगळ्यांचे पहिले दोन प्रश्न ठरलेले: किती उतरलं आणि किती दिवसांत उतरलं? त्यांचं उत्तर मी आता नीट देते, कारण ते माझं मला वेळेवर कळलं नव्हतं. ऑपरेशनचा त्रास मी सोसला, तो सोसण्यासारखा होता. मला खचवलं ते टक्क्याच्या एका आकड्याने, आणि त्यात चूक सांगणाऱ्याची नव्हती. ऐकणारे आम्ही होतो.

पुण्यात डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं होतं. "ताई, जादा वजनाच्या साठ ते सत्तर टक्के वजन उतरेल. त्याला वर्ष-दीड वर्ष लागेल. पुढं दोन-तीन वर्षांनी थोडं परत येईल, त्याला घाबरायचं नाही." बोलता बोलता त्यांनी माझ्या फाइलवर काहीतरी लिहिलंही. आम्ही दोघांनी मान हलवली. येताना खंबाटकी घाट उतरेपर्यंत आमच्या डोक्यात एकच शब्द राहिला होता: सत्तर टक्के. मिस्टरांनी मोबाइलवर ११८ चे सत्तर टक्के काढले. ८२ किलो जाणार, मग उरणार ३६? असं कसं होईल, असं म्हणून आम्हीच त्यात सूट दिली आणि उरलेलं वजन साठ धरलं. लग्नात मी ५२ होते. साठ म्हणजे माफक अपेक्षा, असं आम्हाला खरंच वाटलं. कऱ्हाडला चहा प्यायला थांबलो तेव्हा मिस्टरांनी माझ्या आईला फोन करून सांगूनही टाकलं, "आई, वर्षात साठीवर येतीय बघा तुमची लेक."

तिथून तो साठचा आकडा घरोघर गेला.

माझं ऑपरेशन स्लीव्ह प्रकारचं. आमच्याकडे लोक त्याला 'पोट शिवलं' म्हणतात, पण शिवण्यापेक्षा कापणं त्यात जास्त. जठराचा साधारण पाऊण ते ऐंशी टक्के भाग उभा कापून काढून टाकतात आणि मागं एका केळाएवढी अरुंद नळी उरते. पोटावर पाच छोटी छिद्रं, दुर्बिणीतून काम, तीन दिवस दवाखाना. काढलेल्या भागात जठराचा वरचा फुगीर घुमट जातो. घ्रेलिन नावाचं भूक लावणारं संप्रेरक मुख्यतः तिथंच तयार होतं. ते १९९९ साली जपानी संशोधकांनी शोधलं. त्यामुळे पोट लहान होतं तशी भूकही बरेच महिने गप्प बसते. पहिल्या महिन्यात मला जेवणाची आठवण घड्याळ बघून करावी लागायची. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डोक्यात जेवणाखेरीज दुसरं काही चालू होतं. ती शांतता मी कुणाला समजावून सांगू शकत नाही.

या ऑपरेशनची कूळकथा मला फार धीर देणारी वाटते. वजन उतरवण्यासाठी जठरावर करायची शस्त्रक्रिया अमेरिकेत आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी १९६६ च्या सुमारास सुरू केली. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या बायकांचं वजन पुन्हा वाढत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. त्यातून बायपास आलं, म्हणजे जठर लहान करून ते पुढच्या आतड्याला जोडायचं ऑपरेशन. स्लीव्ह मात्र सुरुवातीला पुरं ऑपरेशन नव्हतंच. फार जड माणसाला मोठं ऑपरेशन एका दमात झेपत नाही, म्हणून आधी नुसतं जठर अरुंद करायचं, वजन थोडं उतरू द्यायचं आणि मग आतड्याचा दुसरा टप्पा करायचा, अशी ती पायरी होती. पण पहिल्या पायरीवरच अनेकांचं एवढं वजन उतरलं की दुसऱ्या पायरीची गरज राहिली नाही. अर्ध्या वाटेवर थांबून पोचलेली माणसं. पुढच्या दोन वर्षांत मला या गोष्टीचा आधार वाटत राहिला.

ऑपरेशनच्या आधी पंधरा दिवस नुसतं पातळ खायचं असतं. यकृतावरची चरबी कमी होऊन ते आकसतं आणि डॉक्टरांना जठरापर्यंत पोचायला जागा मिळते. त्यात माझे चार किलो उतरले. म्हणजे टेबलावर गेले तेव्हा ११४. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी काट्यावर उभी राहिले तर ११६. मी भिंतीला धरून उभी राहिले. पोट कापलं, तीन दिवस घोटभर पाण्यावर काढले आणि वजन दोन किलो वाढलं? दवाखान्यात फोन केला तेव्हा तिथल्या सिस्टर म्हणाल्या की ते सलाइनचं पाणी आहे, चार दिवसांत जाईल, आणि आठवड्यातून एकदाच काट्यावर जा. गेलंही ते. पण हे आधी कुणी एका वाक्यात सांगितलं असतं तर मी ती रात्र रडून काढली नसती. म्हणून मी आता प्रत्येकीला हे पहिलं सांगते.

पहिले पंधरा दिवस माझं जेवण खोकल्याच्या औषधाच्या टोपणात मावत होतं. तीस मिलीलीटरचं टोपण. त्यात मुगाच्या डाळीचं गाळलेलं पाणी किंवा पातळ ताक घ्यायचं आणि दहा-पंधरा मिनिटांत घोट घोट संपवायचं. सासूबाई टोपण भरून माझ्यासमोर ठेवायच्या आणि स्वतः जेवायला दुसऱ्या खोलीत जायच्या, मला वास येऊ नये म्हणून. तिसऱ्या आठवड्यात गाळणं गेलं आणि घट्ट वरण आलं. वाटीत तीन चमचे. दुसऱ्या चमच्याला छातीच्या मधोमध एक दाब आला, जणू कुणी आतून अंगठा लावला होता. पोट भरलं ही खूण आता तिथं, छातीत, लागते. ती ओळखायला मला महिना लागला. ती ओळखायच्या आधी घेतलेला प्रत्येक जादा चमचा उलटून बाहेर आला.

आणि त्याच तिसऱ्या आठवड्यात काटा थांबला. अकरा दिवस १०८. एक तोळाही हलेना.

आईचा फोन रोज सकाळी सातला. "किती?" "१०८." "कालपण तेवढंच होतं की गं." मग थोडं थांबून, "काय खातीयस तू?" मी दिवसाला दोन वाट्याही खात नव्हते. आईच्या आवाजात काळजी होती, मला ठाऊक आहे, पण तो प्रश्न मला लहानपणी डब्यातली चकली कुणी खाल्ली हे विचारल्यासारखा लागायचा. खरं तर हे जवळजवळ सगळ्यांचं होतं. शरीर यकृतात आणि स्नायूंत साखरेचा एक साठा ठेवतं आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीन-चार ग्रॅम पाणी बांधून ठेवतं. उपासमार झाली की आधी तो साठा मोडतो, पाणी सुटतं, काटा धाडकन खाली येतो. पुढं शरीर सावरतं, थोडं पाणी पुन्हा धरतं आणि आतून चरबी जळत असली तरी काट्याला ते दिसत नाही. बाराव्या दिवशी १०७ आणि महिन्याच्या शेवटी १०६. पण त्या अकरा दिवसांत मी मनाने ठरवून टाकलं होतं की जगातल्या सगळ्या ऑपरेशनांत माझंच फसलं.

त्याच महिन्यात दुसरी एक गोष्ट झाली आणि तिच्याकडे घरात कुणी बघितलं नाही. माझ्या साखरेच्या चार गोळ्यांच्या जागी एक झाली. वजन अजून शंभरच्या वर होतं आणि उपाशीपोटीची साखर ११० च्या आत. डॉक्टर म्हणाले, असं होतं, वजन उतरायच्या आधीच साखर वळणावर येऊ लागते. खाणं घटलेलं असतं आणि जठर-आतड्यातल्या संप्रेरकांचं चक्रही बदलतं. सात वर्षं मी ज्या आजाराला भीत होते, ज्यानं माझ्या वडिलांचा पाय नेला, तो मागं सरकला होता. पण ते वरून दिसत नाही. शेजारच्या काकूंना गेटमधून माझी साखर कशी दिसणार? त्यांना माझा दंड दिसायचा.

चौथ्या महिन्यात केस गळायला लागले. नुसते गळत नव्हते, मुठीने येत होते. न्हाणीघरातल्या जाळीवर रोज काळा गुंता. माझे केस कमरेपर्यंत होते. माझ्या अंगात मला स्वतःला आवडणारी तेवढीच एक गोष्ट होती. शरीराला मोठा धक्का बसला की केसांची मुळं एकदमच विश्रांतीला जातात आणि तीन-चार महिन्यांनी ते सगळे केस एकत्र सुटतात, असं आहारतज्ज्ञ मॅडमनी समजावलं. मुळं मेलेली नसतात. प्रोटीन दिवसाला साठ ग्रॅमच्या खाली जाऊ द्यायचं नाही, लोह आणि बी-१२ बघायचं आणि वाट बघायची. मी वेणी कापून मानेपर्यंत केली. कापलेली वेणी सासूबाईंनी कागदात गुंडाळून ठेवली, का ते मी विचारलं नाही.

सहाव्या महिन्यात मी ९० ला आले. जिना न थांबता चढू लागले होते. गुडघ्याच्या बाबतीत एक हिशेब आहे: अंगावरचा एक किलो कमी झाला की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. अठ्ठावीस किलो गेल्यावर गुडघ्याला काय वाटलं असेल, हे मी एकवीस पायऱ्यांवर रोज अनुभवत होते.

पण नवव्या महिन्यात पुतणीचं लग्न होतं आणि सगळ्यांचं लक्ष त्या तारखेवर होतं. जाऊबाईंनी माझ्यासाठी साडी आधीच घेऊन ठेवली होती. तिच्यावरचं ब्लाउज साठच्या हिशेबाने शिवायला टाकणार होत्या. मी तेव्हा ८५ होते. काटा आता महिन्याला दीड-दोन किलोवर आला होता. कार्यालयात पाऊल ठेवलं आणि सुरू झालं. "बरीच उतरलीस की," आणि लगेच, हळू आवाजात, "पण ऑपरेशन करूनसुद्धा एवढंच?" कुणाच्या जावेच्या भावाचं सहा महिन्यांत पन्नास किलो गेलं होतं. एका मावशींनी पंगतीत माझ्या पानाकडे बघून म्हटलं, "हिला वाढू नका गं कुणी." पानात माझ्या अर्धी पुरी आणि दोन चमचे मटकीची उसळ होती. ती उसळसुद्धा मला संपली नाही. मी उठले, वधूच्या खोलीत गेले, दार लावलं आणि जाऊबाईंच्या त्या साडीच्या पदरात तोंड खुपसून रडले. बाहेर मंगलाष्टकं चालली होती. तेहेतीस किलो उतरवून बसलेली बाई मी, आणि मला वाटत होतं की मी सगळ्यांची फसवणूक केली आहे.

लग्नानंतरच्या आठवड्यात मिस्टर मला पुण्याला घेऊन गेले. मी डॉक्टरांना म्हटलं, "माझं ऑपरेशन अपयशी झालंय. सत्तर टक्के सांगितलं होतं तुम्ही." त्यांनी माझी फाइल मागितली आणि पहिलं पान उघडलं. पहिल्या दिवशी त्यांनी तिथं लिहिलेलं होतं: अपेक्षित वजन ७९ ते ८४, कालावधी १२ ते १८ महिने. नऊ महिने ती फाइल आमच्या कपाटावर, बिलांच्या गठ्ठ्यात पडून होती. मग त्यांनी कोरा कागद घेतला. उंची १५८ सेंटीमीटर. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन मोजायचा आकडा, २५ धरला तर या उंचीचं वजन ६२. माझं ११८. म्हणजे जादा वजन ५६. साठ-सत्तर टक्के या ५६ चे: ३४ ते ३९ किलो. "तुमचे ३३ गेले, आणि अजून नऊच महिने झालेत. ताई, तुम्ही अगदी वेळेवर आहात."

मी त्या कागदाकडे बघत राहिले. टक्का कशाचा, हे मी विचारलं नव्हतं. माझ्या टेबलासमोर रोज कर्जदार बसतात. कुणी सांगत येतो की अमुक ठिकाणी बारा टक्क्यांनीच मिळतंय, तर मी त्याला पहिलं विचारते, बारा कशावर? सरळ, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवर, की घटत्या शिलकेवर? सरळ व्याजाचे बारा टक्के म्हणजे घटत्या शिलकेवर एकवीसच्या आसपास जातात, हे मी शेकडो लोकांना पाटीवर मांडून दाखवलंय. आणि माझ्याच शरीराच्या बाबतीत मी टक्का घेऊन घरी आले, मुद्दल न विचारता.

मुद्दल बदललं की सगळं चित्र बदलतं, तेही त्या दिवशी कळलं. भारतीयांसाठी २३ चा बीएमआय धरणारे डॉक्टर असतील तर माझं जादा वजन साठ किलोच्या पुढं जातं आणि तेच उतरलेले किलो कमी टक्क्यांचे दिसतात. आणि एकूण वजनावर मोजायचं, जसं हल्ली बरेच डॉक्टर मोजतात, तर एक तृतीयांशाच्या आसपास उतरलं की ते उत्तम समजतात. त्या हिशेबात, पुढं वर्षाच्या शेवटी मी ८२ ला आले तेव्हा, सत्तर टक्के वजन उतरलं नव्हतं, सत्तर टक्के उरलं होतं. आकडा तोच. आम्ही तो नेमका उलटा धरून बसलो होतो.

त्या 'सहा महिन्यांत पन्नास किलो'चाही हिशेब मग लागला. ज्याचं वजन १७० पासून सुरू होतं, त्याला पन्नास किलो म्हणजे एकूण वजनाच्या तीस टक्क्यांच्याही आत. शिवाय पुरुषांच्या अंगात स्नायू जास्त. तरुण माणसाचं वेगानं उतरतं. मधुमेह जुना असेल तर थोडं कमी उतरतं. जाहिरातीतल्या दोन फोटोंच्या मध्ये हे काहीच लिहिलेलं नसतं. असे फोटो नुसत्या किलोंच्या आकड्यासह लावणं मला चुकीचं वाटतं आणि ते मी आता उघड बोलते.

वेग कमी का होत जातो, हे मला घटत्या शिलकेवरूनच उमगलं. ११८ किलोचं शरीर नुसतं पडून राहिलं तरी बरंच इंधन जाळतं. ९० किलोचं कमी जाळतं. खाणं तेवढंच ठेवलं तरी तूट दर महिन्याला लहान होत जाते, त्यात शरीर स्वतःही काटकसर शिकतं. माझे पहिल्या महिन्यात आठ किलो गेले, नंतर दोन महिने चार-चार, मग तीन महिने जेमतेम पावणेतीन, मग पावणेदोन, शेवटी शेवटी एक. खातेउतारा डोळ्यांपुढं ठेवला तर त्यात कुठंही खंड नाही. दीड वर्षाला मी ८० होते. दोन वर्षांना ७९. ते माझं सर्वांत खालचं वजन.

आज मी ८४ आहे.

हे वाक्य लिहायला मला वेळ लागला. पहिले दोन किलो वाढले तेव्हा मी पुन्हा त्याच वधूच्या खोलीत गेल्यासारखी झाले होते. आठवडाभर नुसत्या पातळावर राहिले, कुठंतरी ऐकलं होतं की त्यानं पोट पुन्हा आवळतं. तसं काही होत नाही. मला पतसंस्थेतच भोवळ आली. नंतर मॅडमबरोबर बसून आठवडाभराचं खाणं वहीत मांडलं आणि वाढ सापडली. ३१ मार्चच्या ताळेबंदाच्या दिवसांत दर तासाला चहा येतो आणि चहाबरोबर बिस्किटं. स्लीव्ह भाकरीला अडवते, मटणाच्या फोडीला अडवते. चहात बुडवलेल्या बिस्किटाला, आइस्क्रीमला, भडंगाच्या चार चार दाण्यांना ती अडवत नाही. ते सरळ खाली उतरतं. आणि भूकही दीड-दोन वर्षांनी हळूहळू परत येते, पहिल्यासारखी नाही, पण येते. त्यामुळे ताटात आधी अंडं, पनीर, डाळ, उसळ, मग बाकीचं. जेवताना पाणी नाही. जेवणानंतर अर्धा तास थांबून पाणी. बी-१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, लोह जन्मभर. आणि वर्षातून एकदा रक्ततपासणी. एवढं धरून मी ८४ वर गेलं दीड वर्ष उभी आहे.

स्वीडनमध्ये १९८७ पासून सुमारे दोन हजार ऑपरेशन झालेल्या आणि तितक्याच न झालेल्या माणसांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्यात बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं होतं, एकूण वजनाच्या. दहा वर्षांनी ते उतरलेलं वजन २५ टक्क्यांवर स्थिरावलं होतं. म्हणजे थोडं परत येणं हा त्या प्रवासाचाच भाग होता, आणि तरीही ऑपरेशन झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा कमी राहिलं. माझ्या शस्त्रक्रियेची जात वेगळी आहे, पण ही रेघ मी ओळखते: झरझर खाली, मग सपाट, मग किंचित वर, मग सपाट. माझे ११८ मधले ३४ किलो आज उतरलेले आहेत. एकूण वजनाच्या २९ टक्के. जादा वजनाच्या साठ टक्के. डॉक्टर पहिल्या दिवशी जे बोलले, शब्दशः तेवढं.

आईला हे मी कागदावर मांडून दाखवलं. तिनं चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "मग त्या वेळी मला साठ का सांगितलं जावईबापूंनी?" त्यानंतर तिचा सकाळी सातचा फोन थांबला नाही, पण आता ती "साखर किती?" असं विचारते.

गेल्या महिन्यात आमच्या पिग्मी एजंटची बायको माझ्याकडे आली. अडतिसाव्या वर्षी १०४ किलो, उंची माझ्याहून थोडी जास्त, रक्तदाब, दोन्ही गुडघे धरलेले. पुढच्या महिन्यात तिचं ऑपरेशन आहे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही काउंटरच्या आत बसलो. मी पिग्मीच्या पावतीची मागची कोरी बाजू घेतली, तिची उंची विचारली, आकडेमोड केली आणि तिच्यापुढं ठेवली: वर्ष-दीड वर्षानं ७६ ते ८० च्या आसपास.

"म्हणजे साठ नाही व्हायचं ताई?"

"बहुतेक नाही. झालंच तर मी तुमच्या घरी येऊन पेढे वाटीन. पण घरी सांगताना हाच आकडा सांगा. सासूबाईंना, आईला, सगळ्यांना. कशाचे टक्के तेही सांगा."

तिनं पावती बराच वेळ हातात धरली. बाहेर कुलूप उघडल्याचा आवाज आला, सुट्टी संपत आली होती. मी तिला सलाइनच्या दोन किलोंचं सांगितलं, तिसऱ्या आठवड्याचं सांगितलं, टोपणाचं सांगितलं, छातीतल्या अंगठ्याचं सांगितलं. पावतीची घडी करून तिनं पर्समध्ये आतल्या कप्प्यात ठेवली. उठता उठता पुन्हा बसली.

"ताई, केस परत येतात का हो?"

मी पाठ वळवली, अंबाड्याची पिन काढली आणि सुटलेली वेणी तिच्या हातात दिली.